बिनकारणाचा प्रवास

(महिला मंडळांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



सकाळपासून आपण पोटगी, रेशन, मारहाण यांवर बोललो. मला दिलेला विषय आहे ‘प्रवास आणि आनंद’. तो जाहीर झाला तेव्हा काहीजणी हसल्या. आधी महत्त्वाचे प्रश्न सुटू देत, आनंदाचं मग बघू, असं आपल्याही मनात असतं. पण आनंदाला सगळ्यात शेवटचा नंबर देणं ही घरातलीच शिकवण आहे. सगळ्यांचं जेवून झाल्यावर उरेल ते आपण खायचं, तसंच हे.

अलीकडे तुम्ही गावाबाहेर गेलात ते कशासाठी? वस्तीत काम करताना मी हे नेहमी विचारते. उत्तरं ठरलेली असतात : बहिणीचं बाळंतपण होतं, नणंदेचं लग्न होतं, मयत होती, मुलाचा नवस फेडायचा होता. म्हणजे बायका प्रवास करतात, पण कारण दुसऱ्या कुणाचं तरी असतं. पुरुषाला मात्र मोटरसायकल, एक मित्र आणि पाऊस एवढं घाटात जायला पुरतं.

ही कारण देण्याची सक्ती जुनी आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीच्या शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या. त्याआधी २४ फेब्रुवारीला बंगालमधल्या सेरामपूरच्या जाहीर सभेत, का जाता, एकट्याच का जाता, याची उत्तरं त्यांना द्यावी लागली. वय होतं १७. पंडिता रमाबाईंनी तर अमेरिकेतल्या समाजाविषयी १८८९ मध्ये पुस्तकच लिहिलं. बाईनं जग बघावं आणि त्यावर मतही द्यावं, हे त्यांनी करून दाखवलं. या दोघींची कामं मोठी होती. पण ज्या बाईकडे सांगण्याजोगं मोठं कारण नाही, तिचं काय? शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात मुंबईच्या संदर्भात हाच मुद्दा मांडला. काही काम नसताना, नुसतं मजेनं बाहेर रेंगाळणं हाही बाईचा हक्क आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या बचतगटातल्या चौदाजणी कल्याणहून एसटीनं माळशेज घाटात गेलो. एकीचं माहेर ओतूरकडचं. मुरबाड, टोकावडे मागे पडलं, गाडी घाट चढू लागली तशी ती खिडकीला चिकटली. मला म्हणाली, “ताई, वीस वर्षं या रस्त्यानं येते-जाते, पण घाट आज बघितला.” इतकी वर्षं मांडीवर पोर, हातात त्याच्या ओकारीची पिशवी, पायाशी बोचकं. बाहेर बघायचं कधी? मला वाटतं, आनंद म्हणतात तो हाच. त्या दोन तासांत ती कुणाची आई नव्हती, कुणाची सून नव्हती.

पण घाटात पोचल्यावर बाकीचंही दिसलं. वाटेत मुतारीची सोय नसेल म्हणून बहुतेकींनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ची मोहीम झाली, घाटरस्त्यावरही ती मागणी तितकीच निकडीची आहे. रस्त्याकडेला आदिवासी बाया भर पावसात कणसं भाजत होत्या. आपली सहल म्हणजे त्यांचा रोज. धबधब्यांवर बंदीहुकूम निघाला की पर्यटक दुसरीकडे जातात, आणि यांची चूल थंडावते. त्यांच्याशी घासाघीस करून आपला आनंद वाढत नाही.

खरा वाद झाला तो परत आल्यावर, गटाच्या बैठकीत. दारू पिऊन धिंगाणा घालणारी टोळकी टाळायची म्हणून सगळ्यांनी मिळून बुधवार ठरवला होता. पण धाकट्या भावाला सांभाळायला एकीची तेरा वर्षांची मुलगी त्या दिवशी शाळेत गेली नाही. आईच्या सुट्टीचं काम लेकीच्या अंगावर पडलं. २०२४ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटं भरली. आपण घाटात गेलो म्हणून ती २८९ मिनिटं नाहीशी होत नाहीत, कुणीतरी उचलतं. कुणी उचलायची?

तासभर भांडून गटानं ठरवलं, यापुढे रविवारीच जायचं. नवरे घरी असतात, मुलांना ते बघतील. टोळक्यांना भिऊन आपण वार बदलायचा आणि त्याची किंमत मुलीनं द्यायची, हे चालणार नाही. बंदोबस्त मागायचा, एकत्र राहायचं, पण जायचं.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्यानं पैशाची अडचण निम्म्यानं कमी झाली. घरातली परवानगी मात्र अजून पुरी लागते. ती मागण्याऐवजी सांगून निघायची सवय लावू या.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. प्रत्येक मंडळानं वर्षाच्या हिशेबात सहलीचा खर्च धरावा, उरलेल्या पैशातून नको. सहल ठरवताना मागे घर कोण बघणार, हे नावानिशी लिहावं, आणि ते नाव मुलीचं नसावं. आणि आगाराकडे, जिल्हा परिषदेकडे घाटरस्त्यावरच्या स्वच्छतागृहांची मागणी आपण सगळ्यांनी मिळून लावून धरावी.

पुढच्या वेळी कुणी विचारलं, “कशाला चाललीस?” तर सांगा, “फिरायला.” त्यापुढे काही जोडू नका.