चष्मा विम्यात बसत नाही
(सांगोला येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)

मैत्रिणींनो, डाळिंबाची छाटणी करताना मला काटाच दिसेना. घरच्या सगळ्यांचा विमा मुलानं काढलेला. एजंटला विचारलं, "चष्मा मिळेल का?" तो हसला. मग पॉलिसी मुलीकडून वाचून घेतली. ती बारीक अक्षरं माझ्या डोळ्यांना कुठली दिसायला!

आमची 2020 साली निघालेली 'आरोग्य संजीवनी'. दवाखान्यात भरती न होता केलेली तपासणी तिच्यात नाही. नंबर घालवायचं ऑपरेशन साडेसातच्या आतल्या नंबराला नाही. मोतीबिंदूचं आहे, पण पॉलिसी घेतल्यावर 24 महिन्यांनी. तेही एका डोळ्याला 40,000 रुपये किंवा विम्याच्या रकमेचा चौथा हिस्सा, जे कमी असेल तेवढंच.

म्हणजे चाळिशीनंतर बहुतेक सगळ्यांना लागतो तो चष्मा विम्याबाहेर. आणि खिशातून करायचा म्हटलं की आधी नवऱ्याचा होतो, मग सासऱ्यांचा. आपण सुईत दोरा नातवाकडून ओवून घेतो आणि म्हणतो, चालतंय की!

मोतीबिंदू असेल तर मात्र 24 महिने मोजत बसू नका. 1976 पासून सरकारचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आहे, जिल्हा रुग्णालयात ऑपरेशन मोफत होतं. पुढच्या बैठकीला आपापली पॉलिसी घेऊन या. ज्यांना दिसतं त्या वाचतील, बाकीच्या प्रश्न विचारतील.