पायली, अधोली, शेर आणि भंगाराचा काटा

आजचा विषय म्हणजे घरातल्या साध्या, पण आता विचित्र वाटणाऱ्या वस्तू जमवण्याचा नाद. नाणी-तिकिटं नाही हं, त्यांना बाजारभाव असतो. मी बोलतोय ते अडकित्ता, वज्री, चंची असल्या वस्तूंबद्दल.

या नादातलं आपल्याकडचं मोठं नाव म्हणजे पुण्याचे दिनकर केळकर. साधारण 1920 पासून ते वस्तू जमवत राहिले. मुलगा राजा सातव्या वर्षी गेला, म्हणून संग्रहालयाला त्याचं नाव. 1975 मध्ये 20 हजारांच्या आसपास वस्तूंचा हा सगळा संग्रह त्यांनी राज्य सरकारला देऊन टाकला. तिथली वज्री बघा. टाच घासायची वस्तू, तिच्यावर एवढी कारागिरी! कोण बघणार होतं ती? तरी कुणीतरी घडवली, कुणीतरी हौसेनं घेतली. मला तर राजाच्या तलवारीपेक्षा हेच जास्त आवडतं.

आता आपल्या परभणीकडं या. ज्वारी मोजायची मापं आठवतात? दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. म्हणजे एका पायलीत 64 निळवी. दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट... कॉम्प्युटरवाल्यांनो, ओळखीचं वाटतंय ना? मेमरीचे आकडे असेच तर वाढतात. आपल्या आज्या हा हिशोब उंबऱ्यात बसून करायच्या.

1956 च्या कायद्यानं मेट्रिक मापं आणली आणि हळूहळू ही मापं अडगळीत गेली. आता घर पाडलं की पितळ थेट मोडीत. भंगारवाला वजन करतो, त्याला पायली काय अन् तांब्या काय. त्यातून एखादं माप वाचलं, तरी जोडी तुटलेली. आमच्याकडं पायली आहे, मापटं आहे, मधला शेर आणि अधोली गायब. नुसती पायली कपाटात ठेवली तर तो शोपीस. सगळा संच असला तरच हिशोब दिसतो.

म्हणून वस्तू मिळाली की आधी फोनवर आजीचा आवाज रेकॉर्ड करा. सपाट मोजायचे की शीग लावून? शेतातल्या गड्याला किती द्यायचे? गावागावात फरक असायचा, म्हणून गावाचं नावही बोलून ठेवा.

आणि कुणाकडं निळवं आणि कोळवं दोन्ही असतील तर ज्वारी भरून बघा, खरंच दोन बसतात का. मला कळवा.