नारिंगी सदरा आणि आजीची भाषा

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज एका सदऱ्याची गोष्ट सांगते.

साल १९७३. कॅनडा देशातली फिलिस वेबस्टॅड ही सहा वर्षांची पोर. शाळेत जायचं म्हणून आजीने तिला दुकानात नेलं. फिलिसने चमकदार नारिंगी सदरा निवडला. तो घालून ती निवासी शाळेत गेली. पहिल्याच दिवशी तिथे तिचे कपडे उतरवून घेतले. तो सदरा तिला पुन्हा कधीच मिळाला नाही.

तुम्ही म्हणाल, एका सदऱ्याचं काय एवढं? पण सदऱ्यासोबत आणखी बरंच काढून घेतलं जात होतं. फिलिस तिथल्या मूळ रहिवासी समाजातली. या समाजांच्या मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवायचं, असं कॅनडा सरकारचं धोरण शंभराहून अधिक वर्षं चाललं. पैसा सरकारचा, शाळा बहुतेक चर्चच्या हाती. १९२० मध्ये तर कायद्याने सक्ती केली. मुलांचे केस कापायचे, आईची भाषा तोंडातून निघाली तर शिक्षा करायची. सुमारे दीड लाख मुलं या शाळांतून गेली. तीन हजारांहून अधिक मुलं तिथेच दगावल्याची नोंद पुढे सापडली. शेवटच्या शाळा १९९० नंतर बंद झाल्या. म्हणजे ही आपल्याच काळातली गोष्ट आहे.

आता विचार करा. पोराला कसं निजवायचं, रडलं तर कसं समजवायचं, हे आपण कुठे शिकलो? आईच्या, आजीच्या मागे मागे फिरून शिकलो. ज्या मुलीला आईजवळ राहूच दिलं नाही, ती हे कुठून शिकणार? या मुली पुढे आया झाल्या. मग बालकल्याण खात्याचे अधिकारी त्यांच्या दारात आले. १९६० नंतर या समाजांची हजारो मुलं उचलून परक्या, बहुतेक गोऱ्या कुटुंबांत दिली गेली. आधी शाळेने नेली, मग खात्याने नेली. आईच्या नजरेने पाहिलं तर फरक काय?

११ जून २००८ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. त्याच वर्षी सत्य आणि समेट आयोग नेमला गेला. पुढे त्याचे अध्यक्ष झाले न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर, ते स्वतः मूळ रहिवासी समाजातले. आयोगाने हजारो माणसांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्यातल्या पहिल्या पाच बालकल्याणाच्या आहेत. त्यानंतर शिक्षण, मग भाषा.

हे बरोबरच आहे. शेजाऱ्याने आपला बांध कोरला आणि नुसतं 'चुकलं' म्हटलं, तर समेट होतो का? बांध होता तिथे पुन्हा घालावा लागतो. घेतलेलं परत द्यावं लागतं. इथे घेतलं होतं मूल आणि मुलाच्या तोंडची भाषा.

२०१९ मध्ये तिथे दोन कायदे झाले. एक मूळ रहिवाशांच्या भाषा जगवण्यासाठी, दुसरा त्यांच्या मुलांसाठी. दुसरा कायदा सांगतो, केवळ घर गरीब आहे म्हणून मूल काढून नेता येणार नाही. न्यावंच लागलं तर आधी नात्यातल्या कुणाकडे, नाहीतर समाजातल्या कुणाकडे. २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा कायम ठेवला.

भाषेसाठी त्यांनी न्यूझीलंडच्या माओरी लोकांची रीत घेतली, 'भाषेचं घरटं'. लहान मुलं आणि म्हाताऱ्या आज्या एकत्र. खाणं, खेळणं, रागावणं, सगळं आजीच्या भाषेत. मधल्या पिढीची भाषा तुटली होती. आजीपासून नातवापर्यंत ती पुन्हा सांधायची.

सगळं सुरळीत झालं, असं मात्र समजू नका. २०२१ च्या जनगणनेत, चौदा वर्षांपर्यंतच्या दर १०० मुलांमागे या समाजांची मुलं आठच्या आसपास. पण परक्या घरी सांभाळायला दिलेल्या १०० मुलांत ती जवळजवळ ५४. बांध अजून पुरता घातलेला नाही.

फिलिसने आपली गोष्ट सांगितली आणि २०१३ पासून ३० सप्टेंबरला तिथली माणसं नारिंगी सदरे घालू लागली. २०२१ पासून त्या दिवशी देशाची सुट्टी असते. दुकानात नातीचा हात धरून गेलेली एक आजी, तिची आठवण आता सगळा देश काढतो.

जाता जाता एक काम देते. आपल्याही अंगणवाडीत कोरकू, गोंडी, भिली, वारली बोलणारी लेकरं येतात. त्यांनी तोंड उघडलं की कुणी हसतं का? 'नीट बोल' म्हणून कुणी दटावतं का? पुढच्या बैठकीत गटात हे बोला. आणि त्या लेकराच्या आजीला एक दिवस अंगणवाडीत गोष्ट सांगायला बोलवा, तिच्याच भाषेत.