काचेआडचे ग्रंथ
(बोईसर येथे बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात एका वकिलांनी दिलेले भाषण)



घराच्या शोभेसाठी ग्रंथ मांडावेत की नाही, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु ज्यांच्या पूर्वजांना धर्मशास्त्राच्या नावाने अक्षरापासून दूर ठेवण्यात आले, त्या आपल्या समाजाला तो क्षुल्लक मानता येणार नाही. म्हणून आज मी तो आपणांपुढे मांडीत आहे.

प्रथम माझाच दोष कबूल करतो. कायद्याची पदवी घेऊन मी वकिली सुरू केली, तेव्हा पक्षकारांवर छाप पडावी म्हणून ‘ऑल इंडिया रिपोर्टर’चे जुने खंड स्वस्तात विकत घेतले. एकसारखी बांधणी, सोनेरी आकडे. खुर्चीमागची भिंत भरून गेली. निवाडे मात्र मी संगणकावर शोधीत असे. त्या खंडांपैकी एकही मी वर्षानुवर्षे उघडला नाही. मी विद्वान दिसावे, एवढेच त्यांचे काम होते. ह्यात काही गैर आहे असे मला तेव्हा वाटले नाही. ते उमगले येथेच, बोईसरमधील एका घरात.

तारापूर औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारे एक गृहस्थ माझे स्नेही आहेत. त्यांनी नवे घर घेतले आणि दिवाणखान्यात काचेचे कपाट करविले. वरच्या कप्प्यात बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड, मध्ये संविधानाची जाड प्रत आणि दोन्ही बाजूंस पितळी फुलदाण्या. कपाटाला कुलूप होते. “मुले पाने दुमडतात, वकीलसाहेब,” असे वहिनी म्हणाल्या.

मी तेथे बसलो असतानाच शेजारच्या एक बाई आल्या. कंत्राटी कामासाठी हे कुटुंब दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले. त्यांची आठ वर्षांची मुलगी पाच महिने घरी बसून धाकट्या भावाला सांभाळीत होती. जन्माचा दाखला नाही आणि आधीच्या शाळेचा दाखलाही नाही, म्हणून एका शाळेने तिला प्रवेश नाकारला होता. माझ्या स्नेह्यांनी त्यांचे गाऱ्हाणे पूर्वीही सहानुभूतीने ऐकले होते. परंतु ह्या बाबतीत काही हक्क आहे, हे त्यांस ठाऊक नव्हते.

मी संविधानाची प्रत मागितली. कपाटाची किल्ली सापडेना. अखेर ती एका डब्यात मिळाली. ग्रंथ उघडला तो पाने एकमेकांस चिकटलेली. त्यात अनुच्छेद २१क होता. २००२ सालच्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने तो घातला गेला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीचे शिक्षण राज्याने दिले पाहिजे, असे तो सांगतो. त्याच दिवशी अंमलात आलेल्या शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दुसऱ्या दिवशी अर्ज दिला आणि आठवड्याच्या आत मुलगी वर्गात बसली. परंतु तिचे पाच महिने कोण परत देणार? तिचा हक्क तिच्या दारापासून दहा पावलांवर होता, आणि तो कुलपात होता.

त्या दिवशी घरी जाऊन मी खुर्चीमागच्या भिंतीकडे पाहिले, तेव्हा मला लाज वाटली.

काही ग्रंथप्रेमी म्हणतात, शोभेसाठी ग्रंथ ठेवणे हा ग्रंथांचा अपमानच होय. आज पुठ्ठ्याची पोकळ पुस्तकेदेखील सजावटीसाठी विकली जातात. ती पाहिली म्हणजे त्यांचा संताप पटतो. तथापि आपल्या घरांना हाच न्याय लावणे मला योग्य वाटत नाही. ज्याच्या आजोबांच्या झोपडीत एकही छापील कागद नव्हता, त्याने दर्शनी भिंतीवर ग्रंथ मांडले, तर त्यात नुसता डौल नाही. आम्ही आता अक्षराचे वारस आहोत, असे तो येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत असतो. ह्या अभिमानाला मी नावे ठेवणार नाही. माझी तक्रार कुलपाविषयी आहे.

दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी बांधले. ग्रंथांनी त्या घराला शोभा आली खरी, पण ती त्यांच्या रोजच्या वापराने आली. सिद्धार्थ महाविद्यालयात जतन केलेल्या त्यांच्या पुस्तकांत लाल-निळ्या पेन्सिलींच्या खुणा आढळतात. ग्रंथाचा खरा मान त्या खुणांत आहे.

दुसरे उदाहरण संविधानाचेच घ्या. मूळ प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा ह्यांनी सुंदर अक्षरांत लिहिली आणि नंदलाल बोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चित्रांनी सजविली. संसदेच्या ग्रंथालयात, नायट्रोजन वायू भरलेल्या पेटीत ती ठेवली आहे. ते योग्यच आहे. ती राष्ट्राची ठेव आहे. परंतु न्यायालयात मी ती नेत नाही. तेथे उपयोगी पडते ती कोपरे झिजलेली, शाईचे डाग पडलेली साधी प्रत. राष्ट्रासाठी एक प्रत पेटीत पुरे. आपल्या घरातील प्रत हाताशी हवी.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे. ग्रंथ दर्शनी भागात खुशाल मांडा, परंतु कपाटाचे कुलूप काढा. खालचा कप्पा मुलांना द्या. पान दुमडले तर रागावू नका. दुमडलेले पान निदान कोणी वाचले, ह्याचा तो पुरावा आहे. पुस्तके शेजाऱ्यास द्या, आणि कोणास काय दिले ते एका वहीत टिपून ठेवा. आठवड्यातून एका संध्याकाळी घरातील एकाने एक पान मोठ्याने वाचावे. ज्यांना वाचता येत नाही अशा वडीलधाऱ्यांनाही त्यात बसवावे. शिवाय आपण समुद्राजवळ राहतो. दमट हवेत बंद कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते. पुस्तक उघडले जाणे हे पुस्तकाच्याही हिताचे आहे.

पूर्वी आपल्या हातात आणि ग्रंथात रूढीची भिंत होती. ती मोठ्या कष्टाने पडली. तिच्या जागी आता आपणच काचेची भिंत उभारू नये, एवढेच मला सांगावयाचे आहे. माझ्या खुर्चीमागचे बरेचसे खंड मी काढून टाकले आहेत. त्या जागी आता संविधानाच्या मराठी प्रती ठेवल्या आहेत. ज्यास हवी त्याने न्यावी, वाचून परत आणावी.

जय भीम.