रिमोटचा डोळा आणि गच्चीवरची टाकी

कानात इअरफोन आहेत ना? मग आज मोबाइलचा कॅमेराही लागणार आहे.

टीव्हीचा रिमोट घ्या, कॅमेऱ्यासमोर धरा आणि कुठलंही बटण दाबा. जांभळट-पांढरा उजेड लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर सेल्फीचा लावून पाहा. नुसत्या डोळ्याला मात्र काहीच दिसत नाही. हाच इन्फ्रारेड, म्हणजे अवरक्त प्रकाश. रिमोटमधल्या एलईडीची तरंगलांबी साधारण 940 नॅनोमीटर असते.

ही गोष्ट काही नवी नाही. नोकिया 6600 सारख्या फोनमध्ये इन्फ्रारेड होतं, दोन फोन समोरासमोर ठेवून फोटो पाठवायचे. महावितरणनं आपल्याकडं आयआर मीटर बसवले, तेव्हा रीडिंग घेणारा माणूस हातातलं मशीन मीटरसमोर धरायचा. मीटरच्या ऑप्टिकल पोर्टचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, त्यात बोलणं फक्त 300 बॉडनं सुरू होतं. एवढ्या कमी वेगातही काम होतं, हे लक्षात ठेवा. आणि घरच्या मीटरला मात्र हात लावू नका बरं!

आता मला हे काहून लागलं? आमच्या बार्शीटाकळीच्या घरी टाकी गच्चीवर, मोटर खाली अंगणात. आईचा रोजचा आवाज, "अरे, टाकी वाहून रायली ना, मोटर बंद कर!" उन्हाळ्यात असं पाणी वाहून जाणं परवडत नाही. वायर टाकून झाली, ती वानरांनी ओढून तोडली. जिन्याच्या खोलीत प्लग होता, आणि तिथून अंगणातली मोटरची पेटी सरळ दिसते. अंतर आठ-नऊ मीटर. मग म्हटलं, उजेडानंच निरोप पाठवू.

सामान थोडकंच: दोन अर्डुइनो उनो, एक आयआर एलईडी, 220 ओहमचा रेझिस्टर आणि 38 किलोहर्ट्झचा तीन पायांचा रिसीव्हर. अकोल्याला गेलो तेव्हा घेऊन आलो.

38 किलोहर्ट्झच का? ऊन, बल्ब, चूल, सगळ्यांतूनच इन्फ्रारेड निघतो. त्या गर्दीत आपला उजेड ओळखू यावा म्हणून तो सेकंदाला 38 हजार वेळा लुकलुकवायचा. रिसीव्हर तेवढ्याच चालीचा उजेड ऐकतो, बाकीचा सोडून देतो. उनोचं घड्याळ 16 मेगाहर्ट्झचं. टायमर-2 ला 210 हा आकडा दिला की 11 नंबरच्या पिनवर साधारण 37.9 किलोहर्ट्झ मिळतात. पुरे झालं.

आता खरी गंमत. एलईडीचा लांब पाय रेझिस्टरमधून पिन 11 ला जोडा आणि आखूड पाय टीएक्सला, म्हणजे पिन 1 ला. सिरियल पोर्ट गप्प असतो तेव्हा टीएक्स वर असतो, एलईडी बंद. शून्य पाठवताना टीएक्स खाली येतो आणि एलईडी लुकलुकतो. तिकडं रिसीव्हरला उजेड दिसला की त्याचा आउटपुटही खाली जातो. म्हणजे जसा शून्य गेला तसाच शून्य पोचला! रिसीव्हर थेट दुसऱ्या उनोच्या पिन 0 ला जोडा, साधं सिरियल रीड चालतं. फक्त प्रोग्राम टाकताना ती वायर काढून ठेवा, नाहीतर अपलोड अडतो.

वेग 1200 बॉड ठेवा. आणि एक जपा: रिसीव्हरला सतत उजेड दिसला तर तो त्याला गोंगाट समजून कान बंद करतो. म्हणून प्रत्येक अक्षरानंतर 30 मिलिसेकंद थांबायचं.

आपल्याकडचं ऊन तर माहीतच आहे. थेट ऊन पडलं की रिसीव्हर आंधळा होतो. त्याला काळ्या पाइपच्या तुकड्यात बसवा आणि सावलीत ठेवा.

आता निरोप. टाकीत तीन फ्लोट स्विच, म्हणून पातळी 0 ते 3. पण मधून पक्षी उडाला, एखादा बिट बिघडला, तर 3 चा 1 व्हायचा. म्हणून प्रत्येक आकड्यामागं त्याचा जोडीदार पाठवायचा, दोघांची बेरीज 9 व्हावी असा. 3 मागं 6, 1 मागं 8. बेरीज चुकली तर निरोप फेकून द्यायचा. हा निरोप दर सेकंदाला जातो.

सगळ्यात महत्त्वाचा नियम हा: दहा सेकंद एकही बरोबर निरोप आला नाही, तर मोटर बंद. काहून की लिंक गप्प असणं म्हणजे सगळं ठीक असणं नव्हे. वरची लाइन गेली असेल, एलईडी हलला असेल, मध्ये कोणी चादर वाळत घातली असेल. मोटर बंद राहिली तर आपण पुन्हा चालू करू. चालूच राहिली तर पाणी गेलं. पुढं कुठलंही यंत्र बनवा, हा प्रश्न आधी विचारा: निरोपच आला नाही तर ते काय करेल?

मोटरकडची 230 व्होल्टची जोडणी आमच्या वायरमन काकांनी केली. तुम्हीही ती जाणत्याकडूनच करून घ्या.

आधी टेबलावर एका फुटावरून "U" हे इंग्रजी अक्षर पाठवून पाहा. त्यात एक-शून्य आलटून पालटून येतात, त्यामुळं चाचणीला ते बरं. मग हळूहळू अंतर वाढवा. किती मीटरपर्यंत गेलं, ते आम्हाला व्हॉइस नोट करून कळवा. पुढच्या भागात ट्रान्झिस्टर लावून हीच लिंक आणखी लांब नेऊ. तोवर, राम राम!