बाबा येतील तेव्हा दिवाळी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. जवानाला वर्षाची ६० दिवस वार्षिक रजा. ती भातलावणीला घ्यायची की दिवाळीला? आमच्या घरी बहुतेक वेळा लावणीच जिंकायची.

मग दिवाळी टपालाने जायची. दसरा झाला की आई कढई चढवायची. ओल्या नारळाचं काही नाही, ते वाटेत खराब होतं. करंजीत भाजलेलं सुकं खोबरं, तुपातले बेसनलाडू आणि शंकरपाळे भरपूर, कारण ते पलटणीतल्या सगळ्यांना पुरवायचे. डबा मांजरपाटात शिवला की पत्ता मी लिहायची: नंबर, हुद्दा, नाव, पलटण, मार्फत ५६ ए.पी.ओ. त्या पत्त्यात गावच नसे. बाबा नेमके कुठे आहेत, ते आम्हाला कळत नसे. डबा मात्र बरोबर पोचायचा.

१९९९ साली कारगिलमुळे लावणीलाही रजा मिळाली नाही. माल्यातल्या शेजाऱ्यांनी सावडीने आमची खाचरं लावून दिली. बाबा आले ते मार्गशीर्षात. आईने दुसऱ्या पहाटे उटणं काढलं, आकाशकंदील लावला, नव्या आंबेमोहोराचा भात रांधला. तुमच्यापैकी कितीतरी जण त्या पंगतीला होतात.

आजही आपल्या मुळशीतली मुलं सीमेवर आहेत. या दिवाळीत त्यांच्या घरी जरूर जा. फराळ नेला नाही तरी चालेल, पण थोडा वेळ बसा.