बटण दाबणं म्हणजे संवाद नव्हे

आज माझ्याच कामाबद्दल बोलायचंय. पर्यटनस्थळांवरच्या माहिती केंद्रांत टचस्क्रीन, प्रोजेक्शन वगैरे असतं ना, ते मी डिझाइन करते. काम घेऊन येणाऱ्यांची पहिली मागणी ठरलेली असते: "काहीतरी इंटरॅक्टिव्ह करा." म्हणजे काय, असं विचारलं की उत्तर येतं, मोठा स्क्रीन लावा, बोट लावलं की व्हिडिओ सुरू. अहो, मग तो टीव्हीच झाला की!

उदाहरण म्हणून लोणार घेऊ. समजा, तिथे असं काही करायचंय. बाहेर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर समोर दिसतंय. त्याचाच ड्रोन व्हिडिओ आत दाखवून काय मिळणार? आत दाखवायचं ते डोळ्यांना न दिसणारं. लोणारच्या बाबतीत ते म्हणजे एक जुना वाद: हे विवर ज्वालामुखीचं की अशनीच्या आघाताचं? सगळा परिसर दख्खनच्या बेसॉल्टचा, म्हणजे लाव्ह्याच्याच खडकाचा. त्यामुळे ज्वालामुखीचा संशय येणं साहजिक होतं.

मी हाच प्रश्न पाहुण्यांपुढे ठेवेन. एका मोठ्या टच टेबलावर एकेक पुरावा येईल. काठावरचे खडकांचे थर वर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला झुकलेत. विवराच्या तळाशी ड्रिलिंग करून काढलेल्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली. ती आघाताच्या प्रचंड दाबाने बनते, ज्वालामुखीत नाही. १९७३ मध्ये हे संशोधन 'सायन्स'मध्ये आलं. प्रत्येक पुराव्यानंतर पाहुण्यांनी मत द्यायचं, हवं तर बदलायचं. शास्त्रज्ञांचं उत्तर सगळ्यात शेवटी.

टेबलच का? सहलीची बस आली की चाळीस मुलं एकदम आत शिरतात. भिंतीवरच्या एका स्क्रीनशी एक मूल खेळतं, बाकीच्यांना त्याची पाठ दिसते. टेबलाभोवती आठ-दहा जण उभे राहून वाद घालू शकतात, आणि मतांचा आकडा भिंतीवर मोठा दिसला की मागची मुलंही ओरडून सामील होतात.

आता कोरड्या गोष्टी. टेबलाखाली व्हीलचेअर जायला हवी. भाषा कधीही बदलता यायला हवी. मिनिटभर कुणी हात लावला नाही, तर पहिला पडदा परत यायला हवा. आणि वीज जाऊन आली की कुणी पासवर्ड न टाकता सगळं आपोआप सुरू व्हायला हवं. नाहीतर दुरुस्तीवाला शहरातून येईपर्यंत 'बंद आहे'ची चिठ्ठी! उद्घाटनाच्या दिवशी यातलं काहीच कुणाच्या लक्षात येत नाही, पण दोन वर्षांनी मशीन चालू असेल की नाही, ते यावरच ठरतं.

शेवटच्या पडद्यावर एवढंच लिहायचं: 'आता बाहेर जाऊन काठावरचे थर कुठे झुकलेत ते बघा.' पोरं स्क्रीन सोडून दाराकडे वळली, तर काम जमलं म्हणायचं.

तुम्ही पाहिलेल्या केंद्रांत काय चालू होतं, काय बंद होतं, जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!